तुमचं दुःख नेहमीचंच आहे

"गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस तुम्हाला उदास, निराश किंवा हताश वाटलं?"

हा प्रश्न मी मराठीत किती वेळा विचारलाय, मोजलेलं नाही. प्रश्न माझा नसतो. व्हिडिओ कॉलवर तीन चौकोन असतात. एकात अमेरिकन सायकॉलॉजिस्ट, दुसऱ्यात जिची केस आहे ती बाई, तिसऱ्यात मी, दुभाषी. उत्तराला चार पर्याय: अजिबात नाही, काही दिवस, निम्म्याहून जास्त दिवस, जवळजवळ रोज. त्यांना शून्य ते तीन मार्क. असे नऊ प्रश्न, सत्तावीस मार्कांचा पेपर. जितके मार्क जास्त तितके तुम्ही जास्त आजारी, आणि इमिग्रेशनच्या केसमध्ये जास्त आजारी असणं म्हणजे जास्त नशीबवान असणं.

बाई म्हणाली, "उदास असं नाही हो ताई. जिवाला घोर लागलाय."

आता 'घोर'चं काय करू? 'वरी' म्हणाले तर ती चिंता झाली, आणि चिंतेची प्रश्नावली वेगळी आहे, सात प्रश्नांची. 'डिप्रेशन' म्हणाले तर निदान मीच तिच्या तोंडी घातलं. शिवाय घोर मनाला लागत नाही, जिवाला लागतो. तो पोटात गोळा होऊन बसतो, घास उतरू देत नाही. मी जमेल तसं शब्दशः सांगितलं आणि 'हा मराठीतला वाक्प्रचार आहे' अशी पुस्ती जोडली. सायकॉलॉजिस्टने मान हलवली, टाइप केलं. 'काही दिवस'. एक मार्क.

नवव्या प्रश्नाला उलटं झालं. मरून गेलेलं बरं असे विचार येतात का? बाई सहज म्हणाली, "देवानं उचललं तर सुटेन एकदाची." आपल्याकडे निम्म्या आज्या हे वाक्य दिवेलागणीला म्हणतात आणि मग भाकऱ्या थापायला बसतात. पण तिच्या तोंडचं वाक्य मी 'आय' म्हणून, प्रथमपुरुषी सांगितलं (दुभाष्याला तसंच सांगावं लागतं) आणि सायकॉलॉजिस्ट खुर्चीत ताठ झाली. आत्महत्येच्या धोक्याची वेगळी प्रश्नमाला सुरू झाली. त्यात तिची चूक काही नव्हती, विचारणं तिचं कर्तव्यच होतं. आणि खरं सांगायचं तर बाई ते नुसतं बोलून गेली की मनापासून म्हणाली, हे मलाही कळलं नव्हतं.

हे सगळं कशासाठी चाललं होतं ते सांगते. अमेरिकेत राहू द्या, हद्दपार करू नका, अशी विनंती करणाऱ्याच्या फाइलमध्ये आजकाल एक कागद असावा लागतो: मानसिक तपासणीचा अहवाल, सायकॉलॉजिकल इव्हॅल्युएशन. बहुतेक अर्जांना तो कायद्याने सक्तीचा नाही. पण वकिलांना विचारा, फाइलमध्ये तो नसेल तर काय होतं. दोन-तीन तासांची मुलाखत, काही प्रश्नावल्या, मग दहा-पंधरा पानांचा रिपोर्ट. यात तुमचं बालपण, लग्न, मारहाण, झोप, भूक आणि शेवटी आजाराचं नाव. आश्रय मागणाऱ्याला तो लागतो, नवऱ्याच्या छळातून सुटू पाहणारीला लागतो, हद्दपारीच्या उंबऱ्यावरच्या बापाच्या बायकोलाही लागतो.

माझं म्हणणं सरळ आहे. हे रिपोर्ट लिहिणारी बरीच माणसं मोलाचं काम करतात, कितीतरी जीव त्यांनी वाचवलेत. पण हे काम त्यांना करावं लागतं याची लाज ज्या कायद्याला वाटायला हवी, तो कायदा निवांत आहे. त्याने संशय घेण्याचं काम स्वतःकडे ठेवलं आणि पुरावा जमवायचं काम दुखावलेल्याच्या गळ्यात बांधलं. आणि आपण, म्हणजे इथले मराठी लोक, कडेला उभे राहून "हे सगळे खोटे रिपोर्ट असतात" म्हणत हसतोय.

हसतोय हे मी उगाच म्हणत नाही. ५ फेब्रुवारी २०२५ ला अमेरिकेच्या लष्करी विमानाने १०४ भारतीयांना अमृतसरला आणून सोडलं. हातात बेड्या, पायांत साखळ्या. बहुतेक हरियाणा, गुजरात, पंजाबचे. तिघे महाराष्ट्राचे. त्या रात्री मी ज्या मराठी व्हॉट्सअॅप ग्रुपवर आहे तिथे बेड्यांवरचे विनोद फिरत होते. "आम्ही लाइनीत उभे राहून आलो", "यांच्यामुळे आपलं नाव खराब होतं", वगैरे. एकाने लिहिलं, "आता म्हणतील डिप्रेशन आलंय, असायलम द्या." त्यावर अठरा जणांनी हसणारे चेहरे टाकले. त्यातल्या एका चेहऱ्याच्या घरची बाई मला तीन महिन्यांपूर्वी तिसऱ्या चौकोनातून दिसली होती, असं म्हणायला मला आवडलं असतं. तसं काही झालेलं नाही. पण होऊ शकलं असतं. ते का, ते पुढे सांगते.

आधी कायद्याची भाषा बघू, कारण सगळी मेख तिथे आहे.

समजा एक माणूस सीमा ओलांडून कागदपत्रांशिवाय आला. बारा वर्षं राबला, एका अमेरिकन नागरिक बाईशी लग्न केलं, दोन मुलं झाली. बायकोमुळे त्याला ग्रीन कार्ड मिळू शकतं, पण त्यासाठी त्याने देशाबाहेर जाऊन व्हिसा आणायचा. आणि १९९६ च्या कायद्याप्रमाणे एक वर्षाहून जास्त बेकायदा राहिलेला माणूस बाहेर पडला की दहा वर्षं परत येऊ शकत नाही. यातून सुटायचं तर माफी मागायची, आणि माफीसाठी सिद्ध करायचं की तो नसला तर 'एक्स्ट्रीम हार्डशिप' होईल. पराकोटीचे हाल.

कुणाचे हाल? त्याचे नाहीत, त्याचे मोजतच नाहीत. नागरिक किंवा ग्रीन कार्डवाल्या जोडीदाराचे, नाहीतर आईवडिलांचे. मुलांचेही नाहीत. सहा वर्षांची मुलगी बाप जाणार म्हणून रात्री अंथरूण ओलं करत असेल, तर तिचं दुःख थेट धरत नाहीत. मुलीच्या त्या अवस्थेमुळे तिच्या आईच्या मनावर किती ताण येतो, एवढंच धरतात. म्हणून सायकॉलॉजिस्ट आईला विचारते: मुलगी रडते तेव्हा तुम्हाला कसं वाटतं? मुलीचं रडणं आईच्या खात्यावर जमा होतं.

याहून वाईट पुढे आहे. पराकोटीचे म्हणजे नेहमीपेक्षा जास्त. कुटुंब तुटलं की माणसं दुःखी होतातच, पैशाची ओढाताण होतेच, मुलं बिथरतातच. हे हद्दपारीचे 'सर्वसाधारण परिणाम' आहेत, आणि तेवढ्यावर माफी मिळत नाही, असं तिथली कोर्टं वर्षानुवर्षं म्हणत आलीत. पुन्हा वाचा. ताटातूट झाल्यावर माणूस मोडतो हे सरकारला मान्य आहे. इतकं मान्य आहे की ते मोडणं हिशेबात घ्यायची गरजच उरत नाही! सगळ्यांचंच होतं ना? मग तुमचं काय विशेष?

प्रत्यक्ष हद्दपारीच्या कोर्टात उभं राहून ती रद्द करून घ्यायची असेल तर शब्द आणखी चढतात: 'असाधारण आणि अत्यंत विरळा' हाल. इथे निदान मुलं मोजतात. दहा वर्षं राहिलेलं असावं लागतं, आणि वर्षाला साऱ्या देशात मिळून ४,००० जणांनाच ही सवलत. २००१ साली इमिग्रेशन अपील बोर्डाने या शब्दांचा अर्थ लावला. समोर चौतीस वर्षांचा मेक्सिकन बाप होता. चौदाव्या वर्षी आलेला, वीस वर्षं तिथेच राहिलेला, तीन मुलं जन्माने अमेरिकन. बोर्ड म्हणालं, हाल होतील खरे, पण विरळा नाहीत. अर्ज नामंजूर.

तेव्हा सायकॉलॉजिस्टचं काम काय उरतं? तुमचं कुटुंब शेजारच्या तुटणाऱ्या कुटुंबापेक्षा जास्त तुटतंय हे दाखवणं. साधं दुःख चालत नाही म्हटल्यावर त्याला आजाराचं नाव मिळवून द्यावं लागतं. मेजर डिप्रेसिव्ह डिसऑर्डर, पोस्ट-ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर. हे दुसरं नाव अमेरिकन निदानपुस्तकात आलं १९८० साली, व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांना आपलं दुखणं मान्य करून घ्यायचं होतं त्या रेट्यातून. म्हणजे 'आम्हाला जे झालं ते खरं आहे' हे सरकारकडून कबूल करून घेण्यासाठीच हा शब्द जन्मला. आज त्याच सरकारच्या दारात परक्या माणसाने तो शब्द घेऊन उभं राहायचं.

आश्रयाच्या केसमध्ये दुखण्याइतकाच विश्वासाचा प्रश्न असतो. तुमच्याकडे बहुधा तुमच्या गोष्टीशिवाय काहीच नसतं. २००५ च्या रिअल आयडी कायद्याने न्यायाधीशांना मोकळीक दिली की गोष्टीतली कुठलीही विसंगती, ती मूळ मुद्द्याला धरून असो वा नसो, अविश्वासाचं कारण ठरू शकते. सांगताना चेहरा कसा होता हेसुद्धा. विमानतळावर म्हणालात तीन माणसं होती, कोर्टात म्हणालात चार. झालं, तुम्ही खोटारडे.

स्मरणशक्ती अशी चालत नाही. २००२ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये एक अभ्यास आला. ब्रिटनमध्ये आश्रय आधीच मिळालेल्या कोसोव्हो आणि बोस्नियाच्या लोकांना तोच प्रसंग दोनदा विचारला. त्यांना खोटं बोलायचं काही कारण नव्हतं, मिळायचं ते मिळालेलं होतं. तरी दोन्ही वेळच्या सांगण्यात फरक पडले, कडेकडेच्या तपशिलांत जास्त पडले. आणि ज्यांना ट्रॉमाचा त्रास जास्त होता त्यांच्या सांगण्यात, दोन मुलाखतींमधलं अंतर वाढलं तसे फरकही वाढले. म्हणजे कायदा ज्याला खोटेपणाची खूण समजतो ती कधीकधी जखमेची खूण असते. हे कोर्टाला समजावून सांगणं हा इव्हॅल्युएशनचा सर्वात चांगला उपयोग. तिथे मी त्या कागदाच्या बाजूने आहे, पूर्णपणे.

त्याला वजनही आहे. 'फिजिशियन्स फॉर ह्यूमन राइट्स' ही संस्था डॉक्टर आणि मानसतज्ज्ञ मिळवून अशा तपासण्या करून देते. २००० ते २००४ या काळात त्यांच्याकडून तपासणी झालेल्यांपैकी ८९ टक्के लोकांना आश्रय मिळाला. त्याच काळात देशभराचं प्रमाण होतं ३७.५ टक्के. अर्थात या केसेस वकिलांनी निवडून पाठवलेल्या, मुळात मजबूत असणार, तेव्हा सगळं श्रेय कागदाला देता येत नाही. तरी फरक केवढा आहे बघा.

आणि हा कागद काय म्हणू शकतो? छळाच्या तपासणीसाठी 'इस्तंबूल प्रोटोकॉल' नावाची संयुक्त राष्ट्रांची नियमावली आहे, १९९९ ची, २०२२ मध्ये सुधारलेली. तीत पायऱ्या आहेत. समोरची लक्षणं सांगितलेल्या गोष्टीशी जुळत नाहीत, जुळतात, फार जुळतात, अशा छळानंतर नेहमी दिसतात तशीच आहेत, आणि सर्वात वर, याशिवाय दुसरं कारणच असू शकत नाही. मनाच्या जखमांच्या बाबतीत त्या शेवटच्या पायरीवर पाय ठेवायला कुठलाही प्रामाणिक तज्ज्ञ कचरतो. 'हे घडलं' असं तो म्हणत नाही, 'जुळतं' म्हणतो. ही त्याची शास्त्रीय सभ्यता झाली. सरकारी वकील तिचाच फायदा घेतो: म्हणजे तुम्हाला खात्री नाही तर?

आता मघाच्या त्या बाईकडे परत जाऊ. ओळख पटू नये म्हणून मी बाकी तपशील बदललेत, सण बदललेला नाही.

ती आली एच-फोर व्हिसावर, म्हणजे नवऱ्याच्या एच-वन-बी नोकरीची शेपटी बनून. लाइनीत उभी राहून, कायदेशीर, आपल्यासारखीच. नवरा मारायचा. आता ऐका. छळ सोसणाऱ्या बायकांसाठी अमेरिकेत १९९४ पासून कायदा आहे, तिला स्वतःच्या नावाने अर्ज करता येतो. पण नवरा नागरिक किंवा ग्रीन कार्डवाला असेल तरच. एच-वन-बीवाल्याच्या बायकोला तो लागू नाही. नवऱ्याने घटस्फोट दिला की तिचा व्हिसाही संपला. २००५ मध्ये अशा बायकांना नोकरीचं परमिट मागायची सोय केली, तो फॉर्म प्रत्यक्षात यायला २०१७ उजाडलं. देशात टिकून राहायचा मार्ग मात्र बहुधा एकच, यू व्हिसा: गुन्ह्याला बळी पडलेल्यांसाठी. त्याला पोलिसांची सही लागते आणि 'लक्षणीय शारीरिक किंवा मानसिक छळ' सिद्ध करावा लागतो. म्हणून ती त्या चौकोनात होती. ग्रुपवर हसणाऱ्यांनी आपल्या बिल्डिंगमध्ये एच-फोरवर किती जणी आहेत ते मोजावं.

तर सायकॉलॉजिस्टने विचारलं, पोलिस बोलावले तो प्रसंग कधीचा? ती म्हणाली, "गौरी गेल्या त्या दिवशी." मी म्हणाले, गणपती उत्सवातल्या गौरी विसर्जनाच्या दिवशी. सायकॉलॉजिस्टने समोरच्या शपथपत्रात पाहिलं. तिथे १२ सप्टेंबर २०२३ होतं. पोलिसांच्या कागदावर २३ सप्टेंबर. अकरा दिवसांची तफावत. सायकॉलॉजिस्टने वहीत काहीतरी लिहिलं. मला पोटात खड्डा पडल्यासारखं झालं, कारण मला दिसत होतं काय झालंय. शपथपत्र लिहिलं गेलं २०२४ मध्ये. तिने तेव्हाही गौरीच सांगितल्या असणार, आणि कुणीतरी भल्या माणसाने फोनवर शोधून त्या वर्षीची तारीख घातली. २०२४ ला गौरी गेल्या १२ सप्टेंबरला. २०२३ ला अधिक श्रावण आला होता, सगळे सण पुढे गेले, आणि गौरी गेल्या २३ ला. बाई पहिल्यापासून एकच सांगत होती. बदलली होती ती पानावरची तारीख.

दुभाष्याने मध्ये बोलायचं नसतं, आपण पाइप असतो, एकीकडून आत, दुसरीकडून बाहेर. मी बोलले. "इंटरप्रिटरला खुलासा करायचा आहे" असं रीतसर म्हणून अधिक महिना समजावला. सायकॉलॉजिस्ट समजूतदार होती, तिने ते रिपोर्टात घेतलं. तिथे मी नसते, किंवा मराठी म्हणून जिला हिंदी दुभाषी मिळते (मिळते, बरं का) तशी हिची गत झाली असती तर? एक बाई 'तारखांबाबत विसंगत' ठरली असती, कारण तिच्या आयुष्याला भाद्रपद होता.

पुढे तिने विचारलेला प्रश्न माझ्या डोक्यातून गेलेला नाही. "हा कागद पुण्याला तर नाही ना जाणार?"

का, तर नवऱ्याने पुण्यात घटस्फोटाचा दावा टाकलेला. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ मध्ये मानसिक विकार हे घटस्फोटाचं कारण म्हणून आजही लिहिलेलं आहे. अमेरिकेत राहायला जे निदान हवं, तेच निदान पुण्यात तिच्याविरुद्ध वापरता आलं असतं: बघा साहेब, बाईचं डोकं ठिकाणावर नाही, तिच्याच डॉक्टरने लिहिलंय. अमेरिकन कायदा या अर्जांची माहिती छळ करणाऱ्याला द्यायला सरकारी खात्यांना मनाई करतो, तसं सायकॉलॉजिस्टने तिला सांगितलं. मीही सांगितलं, माझ्याच तोंडून. तिने मान हलवली. पण त्यानंतरची तिची उत्तरं आखडली. झोप? "लागते." भूक? "आहे की." रडू येतं? "नाही."

मार्क खाली गेले.

इथे आणखी एक गंमत आहे, गंमत म्हणजे संताप. आपल्याकडच्या बाईला लहानपणापासून शिकवलेलं असतं, घरातलं बाहेर सांगू नये, चारचौघांत डोळ्यांत पाणी आणू नये. ती मार खाऊन उठते, तोंड धुते, डबा भरते. हेच तिचं बळ, यावरच ती तगली. आणि इव्हॅल्युएशनमध्ये हेच नडतं, कारण रिपोर्टात एक सदर असतं: रोजची कामं जमतात का? जमतात. नोकरी? एका किराणा दुकानात जाते, रोख पैशांवर. मैत्रिणी? दोन आहेत. म्हणजे 'कार्यक्षमता टिकून आहे'. जी सावरली ती हरली. मग ओळखीची एखादी सल्ला देते, "जरा चेहरा पाडून बस." आणि असं कुणी बसलं की आपण म्हणतो, बघा, नाटकं.

नाटकं करणारे आहेत का? आहेत. तेच रिपोर्ट नाव बदलून विकणारेही आहेत. मी एकाच तज्ज्ञाचे दोन रिपोर्ट पाहिलेत, दोन वेगळ्या माणसांचे, आणि दुसऱ्याच्या पाचव्या पानावर पहिल्याच्या मुलीचं नाव राहून गेलं होतं. अशा रिपोर्टांना हजार-दीड हजार डॉलर सहज पडतात, तासाला पंधरा डॉलर कमावणाऱ्याकडून. पण बाजार उभा कुणी केला? जिथे साधं रडणं चालत नाही, छापील रडणंच चालतं, तिथे छापखाने निघणारच. आणि खोटं पकडायची सोय त्या तपासणीतच असते, लक्षणं फुगवून सांगणाऱ्याला ओळखायच्या चाचण्या तज्ज्ञांकडे असतात. चांगल्या तज्ज्ञाच्या हातून खोटा माणूस सहसा निसटत नाही. निसटतो तो गरीब खरा माणूस, ज्याला चांगला तज्ज्ञ परवडत नाही. फुकट तपासणी करणारी मेडिकल कॉलेजांतली केंद्रं आहेत, विद्यार्थी चालवतात, न्यूयॉर्कच्या वाइल कॉर्नेलने २०१० मध्ये सुरू केलं तसली. तिथे रांग असते.

सरकारला ही तपासणी स्वतःहून कधी सुचते का? कॅलिफोर्नियातला एक किस्सा सांगते, कोर्टाच्या कागदांवरचा. बौद्धिक अपंगत्व असलेला एक मेक्सिकन माणूस, ज्याला आपल्यावर काय केस चाललीय हेही कळत नव्हतं. न्यायाधीशाने ते ओळखून २००५ मध्ये केस थांबवली. केस थांबली, कैद थांबली नाही. केस नाही, वकील नाही, आणि हा माणूस जवळजवळ पाच वर्षं डांबलेला. त्याच्या नावाच्या दाव्यातून २०१३ मध्ये आदेश निघाला की कॅलिफोर्निया, ॲरिझोना आणि वॉशिंग्टनमध्ये अटकेत असलेल्या अशा गंभीर मानसिक अक्षम लोकांना वकील द्या. बाकीच्यांना सरकारी वकिलाचा हक्क नाही. चार वर्षांच्या मुलालाही नाही.

एवढं सगळं करून रिपोर्ट गेला, की वाट. इमिग्रेशन कोर्टांत तीस लाखांहून जास्त केसेस तुंबल्यात. यू व्हिसे वर्षाला १०,००० आणि अर्ज त्याच्या कितीतरी पट, त्यामुळे मूळ व्हिसासाठी वर्षानुवर्षं थांबा. आणि फाइलमधला कागद काय सांगत असतो? गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस. ते दोन आठवडे कधीचे मागे पडलेले असतात. बाई एव्हाना बरी झालेली असू शकते, किंवा फार वाईट. मग वकील म्हणतात, नवीन रिपोर्ट करून घ्या. पुन्हा तीच कहाणी पहिल्यापासून, पुन्हा पैसे, पुन्हा तोच प्रसंग, आणि आधीच्या सांगण्याशी शब्दाला शब्द जुळला पाहिजे हे दडपण.

मला काय हवंय? ताटातूट हेच पुरेसं दुःख धरा, त्याला वर 'पराकोटीचं'ची अट नको. मुलाचं रडणं मुलाच्याच नावावर लिहा. तपासणी गरजेची वाटत असेल तर सरकारने खर्च करावा, भाषा नेमकी विचारून दुभाषी द्यावा, आणि दोन तासांत आटपायची घाई नको. हे वॉशिंग्टनमध्ये कुणी ऐकणार नाही, मला माहीत आहे, सध्या तर वारं उलटंच आहे. पण मराठीत वाचणाऱ्या तुम्हाला मी काही मागू शकते. तुमच्यातल्या कित्येक जणी मानसशास्त्र शिकताय, काही जणी इथे लायसन्स घेऊन प्रॅक्टिस करताय. हे इव्हॅल्युएशन शिकता येतं, त्याची प्रशिक्षणं होतात, वर्षाला दोन-तीन केस फुकट केल्यात तरी चालेल. 'घोर' शब्द ज्याला मुळातून कळतो असा माणूस पहिल्या चौकोनात असेल, तर तिसऱ्या चौकोनाची गरज नाही. माझी नोकरी गेली तरी हरकत नाही. न्यू जर्सीत 'मानवी' ही संस्था १९८५ पासून दक्षिण आशियाई बायकांसाठी उभी आहे, तिचं नावही आमच्या ग्रुपवरच्या अनेकांनी ऐकलेलं नव्हतं. मी टाकलं. त्यावर कुणी हसला नाही, कुणी काही लिहिलंही नाही.

त्या दिवशी मुलाखत संपली तेव्हा अडीच तास झाले होते. सायकॉलॉजिस्टने आभार मानले, तीन आठवड्यांत रिपोर्ट वकिलाकडे जाईल म्हणाली. बाईच्या चेहऱ्यावर जरा उजेड आला होता. कुणाला तरी इतकं सलग तिने आयुष्यात पहिल्यांदा सांगितलं असावं. पदराने नाही, टी-शर्टच्या बाहीने तोंड पुसत तिने विचारलं, "मग पुढच्या मंगळवारी याच वेळेला का?"

मी ते इंग्रजीत सांगितलं. सायकॉलॉजिस्ट क्षणभर थांबली. मग हळू आवाजात म्हणाली की ही ट्रीटमेंट नव्हती, ही केससाठीची तपासणी होती, आपली भेट एवढीच. बरं वाटायचं असेल तर दुसऱ्या कुणाकडे जावं लागेल, मी यादी पाठवते.

ते मला मराठीत सांगायचं होतं.